पैसे भरून झाले, तरी वसुलीचा फोन येतोच: घोळ नेमका कुठल्या वहीत आहे?

"ताई, माझे पैसे भरान झाले, तरी हे फोन करतत. काय करूचा?"

जामसंड्यातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात महिन्याला एखादा तरी हा प्रश्न घेऊन येतो. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट, आणि चेहऱ्यावर चोरी न करता पकडल्यासारखा भाव. दुकान टाकण्याआधी सतरा वर्षं मी एका पतसंस्थेच्या काउंटरला होते. कीर्द, खतावणी, थकबाकीची यादी हे सगळं हातून गेलेलं. त्यामुळे एक गोष्ट मला लवकर कळते: पैसे भरले की नाही, हा वाद फोनवर कितीही घातला तरी मिटत नाही. फोन करणाऱ्याच्या हातात वहीच नसते. त्याच्यापुढे फक्त एक यादी असते.

हे कळायला मला घरचाच धडा मिळाला. भाऊ डोंबिवलीला असतो. त्याने एका फायनान्स कंपनीकडून हप्त्यावर मोबाइल घेतला, तो फिटला. मग त्याच कंपनीकडून टीव्ही घेतला. टीव्हीचे शेवटचे दोन हप्ते उरले, 4,166 प्रमाणे 8,332 रुपये. त्याने विचार केला, गणपतीला गावी जायच्या आधी दोन्ही एकदम टाकून मोकळं व्हावं. पेमेंटच्या अ‍ॅपमध्ये कंपनीच्या नावापुढे जुन्या मोबाइलच्या कर्जाचा नंबर आधीच साठवलेला होता. बोट तिथेच पडलं. पैसे गेले, टिक हिरवी झाली, भाऊ गाडीत बसला.

तीन आठवड्यांनी फोन सुरू. आधी त्याला, मग देवगडला आमच्या आईला, कारण कर्जाच्या अर्जात ओळखीची व्यक्ती म्हणून तिचा नंबर दिलेला. आई सांगायची, "तो हिंदीत बोलता, माका अर्धा समजता. पण 'पुलिस' म्हणता ता समजता."

चार महिन्यांत तीन वेगवेगळ्या एजन्सी झाल्या. प्रत्येकाला भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. प्रत्येकाने "ओके सर, अपडेट कर देंगे" म्हटलं. आणि पुढच्या महिन्यात नवा आवाज, तीच रक्कम, वर थोडा दंड. आमची चूक तिथेच होती. स्क्रीनशॉट ज्या पोराच्या फोनवर गेला, त्या पोराबरोबरच तो संपला. कंपनीच्या वहीपर्यंत तो कधी पोचलाच नाही.

तीन वह्या आहेत, हे आधी लक्षात घ्या

पहिली वही कंपनीची किंवा बँकेची: तुमचं कर्जखातं. दुसरी एजन्सीची यादी, जी पहिल्या वहीतून कुठल्यातरी तारखेला काढून दिलेली असते आणि त्या तारखेनंतरचं तिला काही ठाऊक नसतं. तिसरी क्रेडिट माहिती कंपनीची, जी कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवते. आपल्याकडे अशा चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. लोक सगळ्यांनाच 'सिबिल' म्हणतात.

दुसरी आणि तिसरी वही पहिलीवरून भरते. म्हणून पहिली दुरुस्त झाल्याशिवाय बाकी कुठेही डोकं आपटून उपयोग नाही. एजंटाशी भांडणं म्हणजे बिल चुकलं म्हणून पोस्टमनला ओरडण्यासारखं. फोन परत परत का येतो, त्याचंही उत्तर यातच आहे. एका एजन्सीकडून वसुली झाली नाही की तीच ओळ दुसऱ्या एजन्सीच्या यादीत जाते.

फोन आला की पहिल्या पाच मिनिटांत

"मी भरलेत" हे पहिलं वाक्य नको. आधी त्याला विचारा, आणि उत्तरं वहीत लिहा: तुमचं नाव, एजन्सीचं नाव, कुठल्या कंपनीसाठी बोलताय, कर्ज किंवा कार्डाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, किती रक्कम, आणि ती कुठल्या तारखेची बाकी. मग एकच वाक्य: "माझी लेखी तक्रार कंपनीकडे जाते आहे, यापुढे लेखी बोला." फोन ठेवा. आधार, पॅन, जन्मतारीख यांतलं काही सांगायचं नाही. ती माहिती खऱ्याकडे असतेच, खोट्याला हवी असते.

खोटे फोन वाढलेत हे खरं. माझा ठोकताळा साधा आहे. खरा एजंट कर्जाचा नंबर सांगू शकतो आणि पैसे कंपनीच्या खात्यातच मागतो. खोटा "आत्ता, या नंबरवर, अर्ध्या तासात" म्हणतो आणि नंबर एखाद्या माणसाच्या नावावर निघतो. तसा फोन असेल तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर कळवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

वेळेचंही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही. बचत गटातल्या बायका ज्या मायक्रोफायनान्सच्या गटात असतात, त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी कडक आहे: सकाळी 9 ते संध्याकाळी 6. त्याच परिपत्रकात दमदाटी, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा ओळख म्हणून नाव दिलेल्यांच्या खासगी आयुष्यात घुसणं, धमकीचे आणि निनावी फोन या सगळ्याला मनाई आहे. म्हणजे आमच्या आईला रोज फोन करून पोलिसाची भीती घालणं हाच मुळात नियमभंग होता. पण हे एजंटाला ऐकवण्यात दम घालवू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, तक्रारीत वापरा. आईच्या फोनशेजारी आम्ही एक जुनी दिनदर्शिका टांगली आणि तिला सांगितलं, फोन आला की त्या दिवसाच्या चौकोनात वेळ लिही. तिने आपल्या पद्धतीने 'मेलो 8.40 रात्री' असं लिहिलं होतं. तक्रारीला त्या पानांचे फोटोच जोडले.

आता घोळ शोधा

बँकेच्या पासबुकातली किंवा अ‍ॅपमधली ती नोंद उघडा. यूपीआयने भरले असतील तर 12 आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, मिळेल, एनईएफटीने असतील तर 16 अक्षर-आकड्यांचा. तो नंबर म्हणजे तुमच्या पैशाची खरी पावती. स्क्रीनशॉटवरची हिरवी टिक पावती नव्हे. ती फक्त तुमच्या बाजूने पैसे निघाले एवढंच सांगते.

मग कंपनीकडून खातेउतारा मागवा, फोनवरची तोंडी रक्कम नव्हे. कर्ज घेतल्यापासून आजपर्यंतचा पूर्ण उतारा. तुमची रक्कम त्या तारखेला जमा बाजूला दिसते का, एवढंच आधी बघायचं.

*उताऱ्यात रक्कम दिसतच नाही.* बहुतेक वेळा ती दुसऱ्याच खात्यावर पडलेली असते, किंवा नंबर जुळला नाही म्हणून अनामतीत. आम्ही पतसंस्थेत त्याला 'सस्पेन्स' म्हणायचो. कुणाचे आहेत ते न कळलेले पैसे तिथे बसून राहतात, आणि कुणी विचारलं नाही तर वर्षानुवर्षं बसतात. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "मी पैसे भरले आहेत" असं लिहिलंत की कस्टमर केअरचा माणूस तुमचं खातं उघडतो, बाकी बघतो आणि "पेंडिंग दिसतंय" असं कळवतो. तो खोटं बोलत नसतो. त्याऐवजी असं विचारा: "अमुक यूटीआरची रक्कम तुमच्याकडे कुठल्या खात्याला, कुठल्या तारखेला जमा धरली आहे?" याचं उत्तर द्यायला त्याला तुमचं खातं नव्हे, जमेची वही उघडावी लागते. भावाच्या बाबतीत चार महिन्यांचा घोळ या एका ओळीने नऊ दिवसांत सुटला. 8,332 रुपये फिटलेल्या मोबाइलच्या खात्यावर जादा जमा म्हणून पडून होते. एका खात्यावर कंपनी आमचं देणं लागत होती आणि दुसऱ्यासाठी माणसं लावून आमच्याकडे मागत होती!

*रक्कम दिसते, पण भलत्या जागी.* हा खास आपल्याकडचा प्रकार, म्हणून थोडं सविस्तर. आंब्याचे पैसे एप्रिल-मेमध्ये हातात येतात. बागायतदाराचा हिशोब असा, की आत्ताच सहा महिन्यांचे हप्ते टाकावेत, पावसाळ्यात डोक्याला ताप नको. तसंच होडीवाल्यांचं: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून मेअखेर दोन-तीन हप्ते एकदम. भरताना कुणी सांगत नाही, की ही रक्कम आगाऊ हप्ते म्हणून घेतली की मुद्दलात वळती केली. मुद्दलात गेली तर कर्ज कमी होतं, पण पुढचा हप्ता ठरल्या तारखेला उभाच राहतो. बँकेला दिलेला नाच (NACH) मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, त्या तारखेला खात्यावर जाऊन आपटतो, खात्यात पैसे नसतात, हप्ता बाऊन्स. कंपनी एक दंड लावते, तुमची बँक दुसरा. जुलैत वसुलीचा फोन येतो आणि बागायतदार म्हणतो, "अरे, मी तर डिसेंबरपर्यंतचे भरलंय!" दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

यावर उपाय भरायच्या आधीचा: शाखेत किंवा मेलवर लिहून द्या, "ही रक्कम पुढील अमुक हप्त्यांपोटी आगाऊ जमा धरावी, मुद्दलात वळती करू नये," आणि पोच घ्या. आधीच घोळ झाला असेल तर ती रक्कम हप्त्यांत फिरवून दंड माघारी घ्यायला सांगा. दंडाबद्दल एक मुद्दा पदरात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे कर्जावरचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. क्रेडिट कार्डाला मात्र हे लागू नाही.

*शेपूट राहिलेलं.* कार्डवाल्यांचं हे नेहमीचं. बिलावरची रक्कम भरली, पण बिलाच्या तारखेपासून भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात आलं. आपण कार्ड कात्रीने कापून चुलीत टाकलेलं, बिल उघडतो कोण? पाचशे रुपये विलंब शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 590. पुढच्या महिन्यात पुन्हा. इथे भरलेलं बिल खरंच भरलेलं असतं, मागितली जाते ती त्याची पिल्लं. रागावून उपयोग नाही. मूळ शेपूट किती ते लेखी विचारा, ते भरा, त्यावरचे दंड माफ करायला सांगा, आणि त्याच मेलमध्ये कार्ड बंद करण्याची विनंती घाला. बाकी शून्य असेल तर विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये कार्ड देणाऱ्याने तुम्हाला द्यायचे, असा 2022 पासूनचा नियम आहे. कात्रीने कार्ड बंद होत नाही.

*कर्ज तुमचं नाहीच.* मोबाइल नंबर नवा घेतलाय आणि कुणा अनोळखी माणसाच्या नावाने विचारणा होते? बंद पडलेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्याला देता येतो, म्हणून जुन्या मालकाकडे पैसे मागणारे तुमच्या वाट्याला येतात. "हा नंबर आता माझा आहे, यादीतून काढा" एवढं कंपनीला, एजंटाला नव्हे, लेखी कळवा. नाव तुमचंच असेल आणि कर्ज घेतलेलं नसेल, तर ते वेगळं प्रकरण आहे. आधी क्रेडिट रिपोर्ट काढा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या.

*कर्ज विकलं गेलेलं.* बँकेने थकीत खाती मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकली आणि त्यात तुमची फिटलेली ओळही गेली, असंही घडतं. मग दोघांनाही लिहा, पण पुराव्याचं उत्तर मूळ बँकेकडून घ्या.

तक्रार अशी लिहा

मराठीत लिहिली तरी चालते. तिखटमीठ नको, आपबीती नको. मी दुकानात जो मसुदा टाइप करून देते, तो असा:

"विषय: कर्ज खाते क्रमांक अमुक, भरलेल्या रकमेची चुकीची वसुली.
या खात्यापोटी मी दिनांक अमुक रोजी रुपये अमुक भरले. यूटीआर अमुक. माझ्या बँकेचा उतारा जोडला आहे.
1) ही रक्कम आपल्याकडे कुठल्या खात्याला व कुठल्या तारखेला जमा आहे, ते लेखी कळवावे.
2) ती वरील खात्यात मूळ तारखेने जमा धरून त्यानंतरचे दंड रद्द करावेत.
3) तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हे खाते वसुली एजन्सीकडून काढून घ्यावे.
4) बेबाकी (येणेबाकी शून्य असल्याचा) दाखला द्यावा.
5) क्रेडिट माहिती कंपन्यांकडे दुरुस्त माहिती पाठवावी.
फोन आल्याच्या तारखा व वेळा सोबत जोडल्या आहेत."

'मूळ तारखेने' हे दोन शब्द गाळू नका. कंपनी चूक मान्य करते, पण रक्कम आजच्या तारखेने जमा करते, आणि मधल्या महिन्यांची थकबाकी व दंड तसाच लटकत राहतो. आमच्याही वेळी पहिल्या उत्तरात हेच झालं होतं.

तिसरा मुद्दा हवेत नाही. ग्राहकाची तक्रार पडून असताना ते प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना 2008 मध्येच सांगितलंय. तक्रारी निव्वळ छळासाठी आहेत हे बँक पुराव्याने दाखवू शकली, तरच अपवाद.

मेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, प्रत नोडल अधिकाऱ्याला. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. तक्रार क्रमांक आला की तो वहीच्या पहिल्या पानावर. कागदी तक्रार करणाऱ्यांसाठी: पूर्वीचं रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय. खिडकीवर पोहोचीचा पुरावा हवा म्हणून सांगा.

तीस दिवस झाले, उत्तर नाही

मग लोकपाल. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना 12 नोव्हेंबर 2021 ला सुरू झाली. तक्रार तिच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करता येते, किंवा चंडीगडच्या केंद्राकडे टपालाने, कुठल्याही भाषेत. माहितीसाठी 14448. फी शून्य. हे ठळक सांगते, कारण 'लोकपालात टाकून देतो' म्हणून दीड-दोन हजार घेणारे आमच्याच बाजारपेठेत आहेत. वकील लावायची गरज नाही, उलट वकिलाने तुमच्या वतीने दाखल केलेली तक्रार तिथे घेतच नाहीत. आधी कंपनीकडे तक्रार केलेली हवी, आणि उत्तर समाधानकारक नसेल किंवा 30 दिवसांत आलंच नसेल, तरच दार उघडतं. प्रकरण कोर्टात असेल तर मात्र नाही.

आमच्या पतसंस्थांना हा लोकपाल लागू नाही, त्या सहकार खात्याखाली. तिथली तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे. मोबाइल किंवा ब्रॉडबँडचं भरलेलं बिल असेल तर कंपनीचं तक्रार केंद्र आणि मग त्यांचाच अपील अधिकारी. विजेच्या बिलाला ग्राहक तक्रार निवारण मंच. विजेचं एक सांगून ठेवते: वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही, आणि दोन वर्षांपूर्वीची बाकी जर बिलात सलग दाखवत आणलेली नसेल, तर ती नंतर मागता येत नाही. जुनी बिलं रद्दीत घालू नका म्हणते ते याचसाठी.

तिसऱ्या वहीचं काम वेगळं करावं लागतं. चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. त्यात त्या खात्यापुढे काय लिहिलंय ते बघा. पूर्ण पैसे भरलेत तर 'क्लोज्ड' हवं. 'सेटल्ड' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तडजोडीत कमी पैसे देऊन सुटलात असा होतो, आणि पुढच्या वेळी बँकेत गेल्यावर ते आडवं येतं. दुरुस्तीची तक्रार तिथेच ऑनलाइन करता येते. 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम 26 एप्रिल 2024 पासून आहे. ही भरपाई मिळण्यासाठी तक्रारीची तारीख तुमच्याकडे हवी, म्हणून पुन्हा वही.

माणूस दारात आला तर

वाडीत गाडी थांबली की सगळ्या पडव्यांमधून माना बाहेर येतात. एजंटालाही ते माहीत असतं, लाज हेच त्याचं हत्यार. त्याला खळ्यातच, म्हणजे अंगणातच थांबवा. घरात घ्यायची सक्ती नाही. ओळखपत्र, बँकेचं किंवा कंपनीचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत मागा. हे तिन्ही त्याच्याजवळ असायलाच हवेत. फोटो काढू देत नसेल तर "मग बस आता, पाणी पी आणि जा" एवढंच. रोख रक्कम, अगदी 'फक्त दोनशे, व्हिजिट चार्ज' म्हणूनही, द्यायची नाही. दोनशे दिलेत की बाकी मान्य केल्यासारखं होतं.

धमकी दिली, घरात घुसला, वस्तू उचलायला लागला, तर 112. भारतीय न्याय संहितेत धाकदपटशाला कलम 351, अतिक्रमणाला 329, खंडणीला 308 आहे. पोलीस ठाण्यात 'हे बँकेचं मॅटर आहे' म्हणून परत पाठवतात, तेव्हा बिल नव्हे, धमकी ही तक्रार आहे असं म्हणा आणि अर्जावर पोच मागा. वाडीतला एखादा शेजारी साक्षीला बरोबर असला तर बोलणं वेगळं होतं.

कागद आला तर फाडू नका

इथे लोक दोन टोकांना जातात. कुणी वकिलाच्या लेटरहेडला घाबरून पैसे परत भरतो, कुणी सगळंच चुलीत घालतो. कागदाकागदात फरक आहे.

वकिलाची नोटीस म्हणजे मागणी. यूटीआर घालून उत्तर द्या. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस, जी राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी गठ्ठ्याने येते, तिच्यावर कोर्टाचं नाव असलं तरी तो निकाल नाही. तुमच्या संमतीशिवाय तिथे काही ठरत नाही. मी तर जा म्हणते. पावत्या घेऊन जा, पॅनेलपुढे कंपनीच्या माणसाला उतारा दाखवायला लावा. गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एका काकांचं काम तिथे वीस मिनिटांत झालं, कारण फोनवर न भेटणारा माणूस तिथे समोर बसलेला होता. फक्त वाचल्याशिवाय सही नको. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं.

खरी भीती लवादाच्या नोटिशीची. कर्जाच्या बारीक अक्षरांत लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाबाहेर नेमलेल्या माणसाकडून सोडवण्याचं, कलम असतं, नोटीस चेन्नई-दिल्लीहून येते, आपण दुर्लक्ष करतो, आणि एकतर्फी निवाडा होतो, जो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. म्हणून लवाद किंवा कोर्टाचं समन्स असेल तर त्याच आठवड्यात वकील गाठा. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती, हेल्पलाइन 15100. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे फार बायकांना माहीत नसतं.

पावत्यांबद्दल, दुकानदार म्हणून

काउंटरवर मिळणारी ती गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते. आपल्याकडची गरमी आणि आगोटीनंतरची ओल यात ती दोन पावसाळे काढत नाही, कोरी होते. घेतली त्याच दिवशी झेरॉक्स मारा किंवा फोटो काढा. आणि हात जोडून सांगते, लॅमिनेशन करायला आणू नका. एका मास्तरांनी पाच वर्षांच्या हप्त्यांच्या पावत्या 'जपून ठेवूया' म्हणून आणल्या. मी नवी होते, पहिली मशीनमध्ये घातली. उष्णतेने अख्खी काळी होऊन बाहेर आली. मास्तर काही बोलले नाहीत, बाकीच्या पावत्या गोळा करून पिशवीत घातल्या. अजून ते समोरून गेले की मी काउंटरखाली काहीतरी शोधायला लागते.

बेबाकी दाखला मात्र मूळ प्रतीत जपा. त्यावर खाते क्रमांक, 'येणेबाकी शून्य' आणि तारीख या तिन्ही गोष्टी आहेत का ते शाखेच्या दारातच बघा. नुसतं 'आपले खाते बंद झाले आहे' अशा मेलने पुढच्या एजन्सीचं समाधान होत नाही. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागदपत्रं पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत परत मिळायला हवीत. उशीर कर्ज देणाऱ्याचा असेल तर दिवसाला 5,000 रुपये. आणि बँकेत जाऊन त्या कर्जाचा मॅन्डेट रद्द करून या, नाहीतर फिटलेल्या कर्जाचा हप्ता एखाद्या पाच तारखेला परत खात्यातून जायचा.

दाखला मिळाल्यावरही फोन लगेच थांबतील असं नाही. जुनी यादी घेतलेली एखादी एजन्सी मधेच जागी होते. भावाला दाखला मिळाल्यावर दीड महिन्याने एक फोन आलाच, अर्थात आईला. तिने दिनदर्शिकेवर पिन लावलेल्या कागदावरून कर्जाचा नंबर आणि दाखल्याची तारीख सावकाश वाचून दाखवली, मग म्हणाली, "लिवन घेतलंस? आता तुझा नाव सांग." पलीकडून फोन ठेवला गेला. त्या चौकोनात तिने वेळ लिहिली, 11.20, आणि परत माजघरात गेली.